नऊ नंबरची वायर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून नवी नोकरी, नवं गाव आणि ही नवी वही. वही बायकोनं बॅगेत टाकली. तिचं म्हणणं, मी फोनवर नुसतं हं-हं करतो, दहा प्रश्नांना मिळून एक उत्तर देतो. तर निदान वहीत तरी चार ओळी बोलत जा, सुट्टीला आलास की वाचीन. चला, बोलतो.

जागा झकास आहे. दुमजली वृद्धनिवास, पुढे बाकं, मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आत लांबलचक कॉरिडॉर आणि फिनाइलचा वास. बत्तीस म्हातारी माणसं राहतात. सगळा कारभार एका बाई पाहतात, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात. बोलायला कमी, चालायला भरभर. त्यांनी मला थेट माझ्या राज्यात नेऊन सोडलं : जिन्याखालची खोली. दार इतकं बुटकं की आत शिरताना नमस्कार घालूनच शिरावं लागतं. पहिल्याच दिवशी दोनदा डोकं आपटलं.

आत बघतो तर वायरींचा असा गुंता, जणू लोकरीचा गुंडा मांजराच्या तावडीतून नुकताच सुटून आलाय. मध्ये सगळ्या वायरी एकत्र जोडणारा सोळा भोकांचा जुना हब, त्यावर बोटभर धूळ. आधीचा माणूस कुठली वायर कुठे जाते याचा कागदाचा चिटोराही ठेवून गेला नाही. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. दुसऱ्यानं केलेला गोंधळ निस्तरण्यासारखं सुख नाही. चूक त्याची, शाबासकी आपली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं इथं एकाच नेटवर्कवर आहे. ऑफिस, डॉक्टरांची खोली, स्वयंपाकघराचा साठा, आणि बेलसुद्धा. प्रत्येक खाटेशी एक डबी असते, तिला लांब वायरीचं बटण. बटण दाबलं की मदतनिसांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजतं आणि खोलीचा नंबर लाल होतो. पश्चिमेकडच्या खोल्यांच्या बेल तीन आणि चार नंबरच्या वायरींवर आहेत, हे मॅडमना माहीत होतं. पूर्वेकडच्या कुठल्या वायरीवर, ते कुणालाच माहीत नाही. शोधून काढतो म्हणालो.

दुपारी दारात एक आजी येऊन उभ्या राहिल्या. पूर्वेकडच्या चौदा नंबरच्या खोलीतल्या. उभ्या म्हणजे वाकायची गरजच नाही इतक्या ठेंगण्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. माझा पसारा बघून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, हे तर आमचंच काम, आम्ही हातानं करायचो एवढंच. फोन करणाऱ्याची दोरी इकडून ओढायची आणि ज्याला हवाय त्याच्या भोकात खुपसायची. मला त्या ‘ए वायरवाल्या’ म्हणतात. मला आवडलं.

जाताना म्हणाल्या, की त्यांच्याकडे नव्या मुलीला पहिली शिकवण एकच असायची : दोरी उपटायच्या आधी कान लावायचा. पलीकडे कुणी बोलत असेल तर?

६ फेब्रुवारी, गुरुवार

हब गेला, नवा स्विच बसला. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. हबच्या कानात एक गोष्ट सांगा, तो गल्लीभर बोंब मारणार. सगळ्या वायरींवर एकच गलका. स्विच म्हणजे शहाणा पोस्टमन. ज्याचं पत्र त्याच्याच दारात. शिवाय कुठली वायर कधी निघाली, कधी लागली, याची नोंदही ठेवतो. सकाळी सगळं बंद करून अकरापर्यंत पुन्हा सुरू. ऑफिसातला कारकून म्हणाला, अहो, कॉम्प्युटर पळायला लागला की.

मदतनिसांमधल्या ताई चहा घेऊन आल्या. त्या पूर्वेकडच्या खोल्या बघतात, एकोणीस वर्षं इथंच आहेत. कुणाला चहात साखर किती आणि कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते, हे सगळं तोंडपाठ. त्यांनी विचारलं, वायरींना चिठ्ठ्या कशाला लावता? म्हटलं, ताई, नाव नसलेल्या वायरीला कुणीही वाली नसतो. मोठा आव आणून बोललो. सोळापैकी दहा वायरींना नावं लावून झालीत. उरलेल्या सहा पुढच्या आठवड्यात.

१० फेब्रुवारी, सोमवार

रविवारी खोली लावली. स्टोव्ह आणला, गादी आणली. घरमालक पायाखालचं बघत बोलतो, पण माणूस बरा.

बुधवारी दुपारी दोनला लेकीचं शाळेत भाषण आहे. शाळा ते कॉम्प्युटरवर थेट दाखवणार. तिनं मला तीनदा बजावलंय, बाबा, सगळं बघायचं, मध्येच उठायचं नाही. अडचण एकच, जिन्याखाली वायरलेस पोचत नाही. आणि स्विचची सोळाही भोकं भरलेली. बघू काहीतरी.

उरलेल्या वायरी आज शोधणार होतो. प्रिंटरनं दिवस खाल्ला.

१२ फेब्रुवारी, बुधवार (दुपारचे तीन)

पोरीनं मैदान मारलं! आत्ताच संपलं. सुरुवातीला एक शब्द अडला, मी इकडे श्वास धरून. मग तिनं मान वर केली आणि जी सुटली ती सुटलीच. शेवटी बक्षीसही तिलाच. मी त्या बुटक्या खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो.

जागा अशी केली : नऊ नंबरची वायर, नाव नसलेली. तिचा दिवा हिरवा होता पण लुकलुकत नव्हता, म्हणजे त्यावरून काही येत-जात नव्हतं. अर्धा मिनिट बघितलं आणि काढली. तिच्या जागी माझा लॅपटॉप. दोनला आठ कमी असताना काढली, तीनला तीन कमी असताना परत लावली. कुणाला कळलंही नाही.

वर काहीतरी धावपळ चाललीय. कुणीतरी जोरात हाक मारली. बघून येतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चौदा नंबरच्या आजी पडल्या होत्या. खाटेपासून दोन पावलांवर. तीनच्या चहाच्या वेळी सापडल्या. खुबा मोडलाय, डोक्याला मार आहे. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, की रेडिओवरच्या दोनच्या बातम्या संपल्या आणि काहीतरी धप्पकन वाजलं. त्यांना वाटलं खिडकी आपटली. म्हणजे दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे पन्नास मिनिटं.

बेलचं बटण त्यांच्या मुठीत होतं. दवाखान्यात नेतानाही सोडेनात म्हणे. अंगठा बटणावरच होता.

ताई त्या पूर्ण वेळ टेबलाशी होत्या. त्या सांगतायत की बेल वाजलीच नाही. मॅडमनी साडेतीनला चौदाच्या डबीचं बटण स्वतः दाबून बघितलं. टिंग वाजलं. लाल झालं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नऊ नंबरच्या वायरीचा माग काढला. जिना, छत, पूर्वेचा कॉरिडॉर. टोकाला पंख्याच्या वर एक छोटा हब, त्यावर सहा खोल्यांच्या बेल.

बेलच्या वायरीवरून एरवी काहीच जात नसतं. कुणी दाबल्याशिवाय ती लुकलुकणार कशी? हे मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजी पहाटे गेल्या.

मी दिवसभर काम केलं. खूप काम केलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे पान बायकोनं वाचू नये. वहीच देणार नाही तिला, हरवली म्हणेन.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलंय. आज स्विचची नोंद उघडली. स्वच्छ, दोनच ओळी : नऊ नंबर बंद आणि लगेच चालू, एक बावन्न. पुन्हा बंद आणि लगेच चालू, दोन सत्तावन्न. शहाणा पोस्टमन. मी त्या ओळींकडे इतका वेळ बघत बसलो की मान अवघडली. मग सगळी नोंद पुसली. फक्त त्या दोन ओळी पुसता येत नाहीत, पुसली तर सगळीच पुसावी लागते. सगळीच पुसली.

मनाशी म्हणत होतो, गेलेलं माणूस परत येणार आहे का? घर माझ्या पगारावर आहे. पोरीची शाळा आहे. हेही खरंच आहे. पण पुसताना मी उठून दार लावून घेतलं होतं. शनिवारी ऑफिसच्या बाजूला कुणी नसतं, तरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बैठक झाली. मॅडमनी मला विचारलं, सिस्टिममध्ये काही दोष आहे का? मी म्हणालो, सिस्टिम ठीक आहे.

यात एक अक्षरही खोटं नाही. म्हणूनच जास्त किळस येते.

त्यावर मॅडमनी ताईंकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं. ताईंनी एकदाच सांगितलं की मी जागची हलले नव्हते. आवाज चढवला नाही. ज्याच्यावर कुणी कधी आळ घेतला नाही त्या माणसाला आरडाओरडा करायची सवय नसते. त्यांना आजच्या आज काम सोडायला सांगितलं.

घरी जाण्याआधी त्या जिन्याखाली आल्या. माझ्याशी कुणीच बोलू नये असं वाटत असताना नेमक्या त्याच. त्यांनी विचारलं :

“भाऊ, तुम्हाला यातलं कळतं. खरं सांगा, त्या दिवशी मशीनमध्ये काही झालं होतं का? नाहीतर मग माझाच डोळा लागला असणार. मला आठवत नाही, पण लागलाच असणार ना?”

मी क्रिम्परशी खेळत होतो. प्लग दाबायची ती पक्कड. उघडायची, मिटायची. मी म्हणालो, “ताई, तुम्ही दमला होतात.”

त्या हो म्हणाल्या. म्हणाल्या, हो, दमले तर होतेच. आणि गेल्या.

माणसाच्या तोंडात किडे पडतात म्हणतात ते उगाच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दोन दहाला टेबलावर टिंग वाजलं. खोली चौदा.

खोली चौदा रिकामी आहे. गादी उन्हात टाकलीय, डबी काढून माझ्याच कपाटात ठेवलीय. नवी मदतनीस मुलगी धावत वर गेली आणि पांढरीफटक होऊन खाली आली. तिथं काही नव्हतं. पण फरशीवर अंगठ्याएवढे ओले ठसे होते, दोन-तीन, खाटेपासून दाराकडे. पुसून आले म्हणाली. मॅडम म्हणाल्या, छत गळत असेल. मला बोलावलं. मी ‘लूज कनेक्शन’ म्हणालो. माझं हे दुसरं वाक्य तयारच असतं.

नऊ नंबरची वायर काढली. पूर्वेकडच्या बाकीच्या पाच खोल्या दुसऱ्या वायरीवर घेतल्या. नऊ आता रिकामं भोक आहे.

बायकोचा फोन. तुझा आवाज तुटतोय म्हणाली. तिचा मला नीट येत होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दहा. टिंग. टिंग. आज दोन.

मी स्विचसमोरच बसलो होतो. रिकाम्या नऊ नंबरचा हिरवा दिवा लागला आणि लुकलुकला. दोनदा. भोकात वायर नाही. मी बोट लावून बघितलं. भोक गार होतं, आणि आतून काहीतरी बोटाच्या टोकाला हलकेच — दाबल्यासारखं.

नोंद उघडली. काल मी वायरी हलवल्याच्या ओळी सोडल्या तर पुसल्यापासून फक्त तीन. काल दोन दहाला एक, आज दोन. तारीख मात्र कालची-आजची नाही. तिन्हींवर १२ फेब्रुवारी.

स्विच काही साठवून ठेवत नाही. बेलची डबीही नाही. जे गेलं नाही ते गेलं. असंच शिकलो मी. मग त्या दिवशीच्या बेल इतके दिवस होत्या कुठे?

२२ फेब्रुवारी, शनिवार

चार वेळा.

आचाऱ्याला सकाळी नमस्कार म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. माझ्या बाजूनं पातेलं घेऊन गेला. दुसऱ्यांदा जरा जोरात म्हणालो, तेव्हा वळला आणि विचारलं, काही म्हणालात का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

रविवारी मी गेलो नव्हतो, पण नवी मुलगी सांगत होती की अकरा वेळा वाजली.

ठरवलं. आज सांगायचंच. मॅडमच्या खोलीत गेलो, खुर्चीत बसलो, आणि सुरुवात मात्र आडवळणानं : त्या दिवशी बहुतेक एक वायर, कदाचित, म्हणजे शक्यता अशी आहे. मॅडम कागदांवर सह्या करत होत्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघून जरा दचकल्या आणि म्हणाल्या, अरे, तुम्ही कधी आलात?

त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

आणि मला हायसं वाटलं. हे इथं लिहून ठेवतो, कारण मी कसा माणूस आहे ते कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे. मला हायसं वाटलं, मी प्रिंटरच्या शाईबद्दल काहीतरी बोललो आणि बाहेर आलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दहा ते पावणेतीन. थांबून थांबून. आधी भराभर, मग एकेक. शेवटी खूप वेळ काही नाही, आणि मग एकदाच, लांब. बटण दाबून धरल्यासारखं.

इतरांना आता कंटाळा आलाय. नव्या मुलीनं आवाज बंद करून ठेवलाय. मला मात्र ऐकू येतंय. जिन्याखाली, खोलीवर, रस्त्यात.

पडल्यावर आधी वाटत असेल, आता येतील. मग वाटत असेल, आल्याच असतील जिन्यापर्यंत. मग — मला ते मग लिहवत नाही.

मी त्या वेळी टाळ्या वाजवत होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज स्पष्ट सांगितलं. मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून, दोन्ही हात टेबलावर ठेवून : वायर मी काढली होती, ताईंची चूक नाही, नोंद मी पुसली. तीन वाक्यं. रात्रभर पाठ केलेली.

मॅडम उठल्या. मला वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर पाया पडलो असतो. त्या माझ्या शेजारून गेल्या आणि खिडकी लावली. वारा येतोय, असं स्वतःशीच पुटपुटल्या.

मी ओरडलो. घसा फाटेस्तोवर. कॉरिडॉरमधून कारकून शीळ घालत गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या वेळी मधोमध उभा राहिलो. तीस माणसं. सगळ्यांना सांगितलं. चमचे वाजत राहिले. शेजारच्या खोलीतले ते आजोबा, ज्यांना धप्पकन आवाज आला होता, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून सांगितलं. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकलं, परत घातलं. मग शेजाऱ्याला म्हणाले, काहीतरी कुजबुजल्यासारखं येतंय बुवा सारखं.

तेवढंच. तेवढंसुद्धा पुन्हा नाही.

लोकांना मी दिसतो. चहा समोर ठेवतात. सही घेतात. कामाचं बोललो तर ऐकूही येतं — प्रिंटर, शाई, प्लग. तेवढंच एक पोचत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मेल पाठवली. मॅडमना, संस्थेच्या विश्वस्तांना, सगळ्यांना. परत आली. पोचवता आली नाही. पुन्हा. परत.

कागदावर लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवलं, मोठ्या अक्षरात. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मग चुरगळून कप पुसला.

नोंदीत आज त्रेसष्ट ओळी. सगळ्या १२ फेब्रुवारीच्या.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिला सांगायचं नव्हतं, तिचं भाषण त्यात — तिला कशाला. पण तिनं विचारलं, बाबा, तू माझं भाषण सगळं बघितलंस ना, मध्ये उठला नाहीस ना? मला रडू फुटलं आणि तोंडातून सगळंच बाहेर पडलं.

ती म्हणत राहिली, हॅलो. हॅलो, बाबा. आई, बाबांचा आवाज येत नाहीये.

बरं झालं. नाही, बरं नाही झालं. मला कळत नाही.

१ मार्च, शनिवार

राजीनामा दिला. तो मात्र लगेच वाचला. मॅडम म्हणाल्या, वाईट वाटतं, तुमचं काम इतकं नीटनेटकं.

मी खूप आधी सांगायला हवं होतं. बैठकीत. जिन्याखाली, त्या दारात उभ्या होत्या तेव्हा. तेव्हा आवाज होता माझ्याकडे.

२ मार्च

ताईंचा पत्ता शोधला. उद्या. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल. त्यांना.

खोलीत दिवसभर कुणीतरी आहे. दिसत नाही. मी बसलो की गादी दुसऱ्या बाजूनंही खचते. काही करत नाही. वाट बघते.

३ मार्च, सोमवार

ताईंच्या दाराबाहेर पायरीवर बसून लिहितोय. बेल दाबली. वाजत नाही. दार ठोकलं. माझ्या मुठीचा मलाच आवाज येत नाही.

खिडकी उघडी आहे. आत ताई आईशी बोलतायत. आई म्हणाली, अगं, आता किती दिवस तेच-तेच. ताई म्हणाल्या, नाही गं, लागलाच होता माझा डोळा. मला आता आठवतंयसुद्धा. मान खाली गेलेली आठवतेय.

आठवतंय. जे झालंच नाही ते —

हाक मारली. ताई. ताई. खिडकीच्या गजांना धरून. त्यांनी माझ्या अंगावरूनच बाहेर बघितलं आणि पडदा ओढला.

दोन वाजून दहा.

पुन्हा बेल दाबतोय. डाव्या हातानं. बोटावर दुसरं बोट आलंय. गार, बारकं. काढत नाही. दाबतंय. माझ्याबरोबर दाबतंय —

आत वाजली? आत काहीतरी —

ताई म्हणतायत, कोण आहे. पावलं. कडी.

बोलून जमणार नाही, गळ्यातून काही निघत नाही. दार उघडायच्या आत लिहून फटीतून पान सरकवतो. आज आडवळण नको. सरळ.

ताई, तुमचा डोळा लागला नव्हता. तुम्ही जाग्या होतात. बेल वाजलीच नाही, कारण नऊ नंबरची वायर मी